मोसंबी

बॉनेटवर मोसंबी आलीय.
कंपनीवाल्यांकडं ह्याला इंग्रजी नाव आहे,
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये
इमामसाबनं ठेवलेलंच चालतं.
रंग सुकला, चकाकलाही,
पण वर फळाच्या सालीसारखी बारीक टेंगळं.
ट्यूबलाइट त्यात बघावी
तर हीव भरल्यासारखी थरथरते.

उन्हामुळं, म्हणाले सगळे.
मे महिना, पत्र्याखाली पंचेचाळीस,
थिनर गनमधून निघतो तो हवेतच उडतो,
रंगाला पोचल्यावर
जरा अंग टाकायलाही सवड नाही.
मीही म्हणालो, उन्हामुळं.
गन वीतभर लांब धरलेली
मी बघितली होती.
इमामसाबच्या उजव्या डोळ्यात
आता दूध उतरलंय.

गाडी नागमणी येमूलबाईंची,
ड्रायव्हिंग स्कूलची, मरून,
चारी कोपरे शिकाऊंनी ठोकून झालेले.
उद्या दहाला नेणार. अकराला आरटीओत टेस्ट.

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
पंधराशेचा कागद संध्याकाळपासून भिजत होता.
नळाला पाणी आलं परवा,
पुन्हा येईल तेव्हा येईल;
पिंपातून बादली काढली,
त्यात एक रुपयाची शॅम्पूची पुडी.
कागद गुंडाळला तुटक्या स्लिपरच्या तुकड्यावर,
कारण नुसत्या बोटांनी घासलं
तर बोटांच्या चऱ्या उठतात.
आणि वजन द्यायचं नाही.
भाकरीवर शेवटचा हात फिरतो, तेवढंच.

पाणी दुधाळ व्हायला लागलं.
दुधाळ बरं, ती वरची काच झिजतेय.
मरून दिसलं की संपलं.

कडांना टेप लावून घेतली.
कडेवर रंग पातळ असतो.
शिकत होतो तेव्हा एकदा
घासतच गेलो होतो, प्रायमर उघडा पडेपर्यंत.
इमामसाब ओरडला नाही.
अख्खा दरवाजा परत मारला
आणि मालकाला म्हणाला,
माझा हात घसरला.

पुसून बघायचं.
चमकतो तो ठिपका म्हणजे अजून खड्डा.
पुन्हा पाणी, पुन्हा कागद.
सगळं मंद, राखेसारखं झालं की दोन हजार,
मग तीन हजार.
गाडीची पार रया गेली.
कुणी तेव्हा डोकावलं असतं तर म्हणालं असतं,
चांगल्या रंगाची माती केलास बे.

मग मशीन. वाटाण्याएवढं कंपाउंड, चार ठिकाणी,
आधी हळू पसरवून.
पुसायला पुण्याहून मागवलेलं मऊ फडकं.
बापाची तीस वर्षं टॉवेलच्या मागावर गेली,
घरात टॉवेलला तोटा नाही,
पण आमचा टॉवेल रंगावर ओरखडे पाडतो.
बापाला हे अजून सांगितलेलं नाही.

साडेतीनला ट्यूबलाइट सरळ झाली.
ताण्यातल्या दोऱ्यासारखी.
मी तिच्याकडं बघत
पारले बिस्किटाचा पुडा संपवला.

सकाळी इमामसाबनं
हातावर पातळ कॅरीबॅग चढवली,
नुसत्या तळव्याला कळत नाही ते तिच्यातून कळतं.
बॉनेटवरून हात उभा फिरवला, आडवा फिरवला,
कडेपाशी थांबला.
ऊन उतरलं म्हणायचं रात्रीतनं, म्हणाला.
मी कॉम्प्रेसरची नळी गुंडाळत राहिलो.
त्यानं पिंपात वाकून बघितलं.
किती बादल्या?
दोन.
चार, तो म्हणाला.
आता हात कशानं धुवायचे परवापर्यंत?

येमूलबाई आल्या, बॉनेटमध्ये वाकून
केसांची पिन नीट केली,
पाचशे कमी करा म्हणाल्या. तीनशे केले.
शिकाऊ पोरानं क्लच सोडला,
गाडी दोनदा उसळून बंद पडली,
तिसऱ्यांदा निघाली.
शेडचा पत्रा बॉनेटवरून सरकला,
मग लिंब, मग नुसतं पांढरं आभाळ.

इमामसाब डावा डोळा लावून
वळणापर्यंत बघत होता.